आधी अंदाज सांग

बारामतीच्या एसटी स्टँडवर चहा आला की आमच्या मॅडम पर्समधून चष्म्याची डबी काढायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना आता काहीतरी वाचायचंय. डबीतून निघायचा थर्मामीटर. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला, आखूड मापाचा. तो कपात बुडवायच्या आधी टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाकडं त्यांचं बोट फिरायचं आणि हुकूम सुटायचा, "आधी अंदाज सांग."

कुणी पन्नास म्हणायचं, कुणी ऐंशी. एकदा शेजारच्या टेबलावरचे एक अनोळखी पाहुणे उगाच मध्ये पडले आणि शंभर म्हणून मोकळे झाले. "शंभर असता तर कपात उकळला नसता का, दादा?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्याकडं अशा बघत राहिल्या की पाहुणे आपला कप उचलून पार टोकाच्या बाकावर जाऊन बसले. कँटीनवाला आधी आधी वैतागायचा. "प्या की मॅडम, गार होतोय." "गार होतोय म्हणजे किती होतोय?" पुढंपुढं तोच गल्ल्यावरून ओरडायला लागला, "बासष्ट!" आणि बरोबर निघालं की सगळ्या कँटीनकडं असा बघायचा, जणू सरपंचपदाला निवडून आलाय.

मॅडम आम्हाला फिजिक्स शिकवायच्या. राहायला इंदापुरात. भावांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान, आणि ह्या रोज सकाळी एसटीनं बारामतीला. ड्रायव्हरच्या मागची खिडकी त्यांची ठरलेली. मी शेळगावच्या फाट्यावर चढायचे तेव्हा त्या आधीच बसलेल्या असायच्या. अंगात सुती साडी, पायात पळायचे बूट, डोक्यावरून पदर आणि पदरावर पुन्हा क्रिकेटची टोपी. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायच्या, "उष्णतेचे वहन होते" वगैरे. फळा पुसला की लगेच इंदापूरच्या बाजारातलं. "पोरी, डबा आणलास का? काय हाय? थांब, सांगू नकोस, वासावरनं सांगते."

लग्न का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आमच्या वर्गातल्या एका आगाऊ मुलीनं विचारलं. मॅडम अजिबात रागावल्या नाहीत. "आधी तुझा अंदाज सांग," म्हणाल्या. ती बिचारी लालेलाल झाली. तिचा अंदाज त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, भर वर्गात वदवून घेतला. मग म्हणाल्या, "चूक. बस खाली." खरं कारण आम्हाला कधीच कळलं नाही.

प्रयोगशाळेत त्यांचा एकच कायदा होता. मोजण्याआधी अंदाज लिहायचा, लाल शाईनं, आणि तो खोडायचा नाही. अंदाज कितीही चुकला तरी त्या चकार शब्द बोलायच्या नाहीत. एकानं पितळेच्या गोळीचं वजन पाव किलो लिहिलं होतं, तरी बोलल्या नाहीत. पण जागा रिकामी सोडली की बाहेर. "चुकलेला अंदाज चालंल. नसलेला न्हाय चालायचा," हे त्यांचं वाक्य आम्ही त्यांच्या आवाजात एकमेकींना ऐकवायचो. बाकीच्या वर्गात पोरं मागच्या वर्षीची रीडिंगं उतरवायची. आमच्याकडं ती सोयच नव्हती. रीडिंग उतरवता येतं, पण लाल शाईतला अंदाज प्रत्येकाचा आपापला असायचा, आणि तो विचारला की मॅडम तोंडाकडं बघायच्या.

हा छंद कॉलेजपुरता असता तरी चाललं असतं. वडगाव निंबाळकरला एका विद्यार्थिनीच्या लग्नात त्या डीजेसमोर उभ्या राहिल्या, मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप काढलं आणि वऱ्हाडाला अंदाज विचारत सुटल्या. नवरदेवाच्या मामांनीसुद्धा आकडा सांगितला. मॅडमची इच्छा होती की आकडा बघून डीजेवाल्या पोरांना लाज वाटावी. झालं उलटंच. पोरांना वाटलं, ही काहीतरी स्पर्धा आहे. "मॅडम, आता बघा!" म्हणत त्यांनी आवाज आणखी चढवला. मॅडम कानात पदराचे बोळे घालून जेवायला बसल्या.

रमजानच्या महिन्यात संध्याकाळची बस वेळेवर इंदापूरला पोचेल याची खात्री नसायची. मग खजुराची डबी मांडीवर घेऊन त्या सगळ्या बसला विचारायच्या, दिवस कधी बुडणार? रोजा सोडायची वेळ त्यांच्या पर्समधल्या मशिदीच्या कार्डावर छापलेलीच असायची. पण कार्ड कुणाला दाखवायच्या नाहीत. आधी अंदाज. म्हाताऱ्या बाया खिडकीतून वाकून उसाच्या शेंड्यावर सूर्य किती उरलाय ते बघायच्या. जिचा अंदाज जवळ आला तिला पहिला खजूर, मग मॅडमचा. कंडक्टरला तर रोजच मिळायचा. तो म्हणायचा, "माझी सगळी नोकरी उनात गेली मॅडम, मला न्हाय कळणार तर कुणाला?"

माझं आणि त्यांचं जुळलं ते मात्र फिजिक्समुळं नाही.

आमचं शेळगावच्या फाट्यावर दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं. अण्णा म्हणजे माझे वडील, अख्खं शिवार त्यांना मेस्त्री म्हणतं. दुकानात पाठकोऱ्या कागदांना तोटा नाही, त्या कागदांवर मी बसमध्ये कथा लिहायचे. एका संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि काहीही न विचारता माझ्या खांद्यावरून वाचायला लागल्या. मी हात आडवा धरला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला. निम्मं पान झाल्यावर म्हणाल्या, "थांब. शेवट मी सांगते. बाई विहिरीत उडी घेती."

ती घेणारच होती.

"कसं कळलं तुम्हाला?"

"तुमच्या सगळ्यांच्या कथेत बाई शेवटाला विहिरीत जाती. पाणी किती हाय, कुणी बघत न्हाय. तूच वर लिहिलंयस, वैशाखाचा महिना, गावाला टँकर सुरू. मग विहिरीत काय असंल? गुडघाभर. पाय मोडंल तिचा. जत्रेला आल्यासारखं सगळं गाव गोळा हुईल, शिडी लावून वर काढतील, आणि पुढचा जन्म ती लंगडत त्याच सासूचा स्वयंपाक करंल."

मला इतका राग आला होता की शेळगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी गेल्यावर जेवताना मात्र मला ती लंगडी बाई दिसायला लागली. सासूसमोर पाय पसरून बसलेली, आता कुणाच्या बापाला न भिणारी. रात्री जेवणं झाल्यावर मी कथा पुन्हा लिहिली. ती माझी पहिली खरी कथा.

तेव्हापासून त्यांनी माझ्या कथांनाही प्रयोगशाळेचा कायदा लावला. निम्म्यावर थांबायच्या, कागदाच्या कडेला लाल शाईनं शेवटाचा अंदाज लिहायच्या, मग पुढं वाचायच्या. अंदाज तंतोतंत खरा निघाला की कथा परत. "मला आधीच कळलं, मग तू कशाला त्रास घेतलास?" अंदाज साफ चुकला तरी परत. "हे मागनं आणून चिकटवलंस. आधीच्या पानात ह्याचं कायबी न्हाय." अंदाज चुकला आणि चुकल्यावर त्या "अगं व्हय की!" म्हणाल्या, तरच पास. वर्षभरात तसं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेले.

एका कथेत माझी नायिका मध्यरात्री दार उघडते आणि डोंगराआडून पुनवेचा चंद्र वर येत असतो. एवढं सुंदर लिहिलं होतं मी ते! मॅडमनी पूर्ण पानावर फुली मारली. "पुनवेचा चंद्र दिवस मावळताना उगवतो. मध्यरात्री तो तिच्या डोक्यावर असणार. हे फिजिक्सचं पोरगं लिहितंय?"

"कथेत चालतं तेवढं," मी फणकारले.

"का? कथेत पृथ्वी उलटी फिरती?"

आणि नेमकं याच्या उलटंही. माझा थर्मोडायनॅमिक्सचा पेपर तपासताना त्या वैतागल्या. "तुझ्या कथेतली म्हातारी घरातनं निघून रेशनच्या दुकानापर्यंत जाती, ती मला पावलापावलाला दिसती. हितं उष्णता इंजिनात गेली म्हणतीस, ती मला दिसतच न्हाय. पाठ करून ओकलीयस. उष्णतेला म्हातारी समज की. कुठनं निघाली, वाटेत काय काम केलं, किती उरली, उरलेली कुठं टाकली." मला तेव्हा ते हास्यास्पद वाटलं.

दुसऱ्या वर्षाच्या निकालात माझा तोच विषय राहिला.

आमच्या घरात तोवर कुणी नापास झालं नव्हतं, कारण तोवर कुणी एवढं शिकलंच नव्हतं. अण्णा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवणाच्या ताटावर बसून शांतपणे म्हणाले, "कागद खरडनं आजपासनं बंद. हिवाळ्याच्या परीक्षेत हा इषय निघाला तर कॉलेज. न्हाय निघाला तर कॉलेज बी बंद. मग म्या स्थळं बघाय लागतो." आई मान खाली घालून भाकरी थापत राहिली. अण्णा मनानं वाईट नव्हते. मोटार जळाली की ती का जळाली हे शोधायची त्यांना सवय, आणि माझी मोटार कथांनी जाळली असा त्यांचा ठाम समज झाला होता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मॅडमनी कथा मागितली. मी म्हटलं, बंद झालं. का, ते सांगितलं. सांगताना रडले, तेही सांगते, लपवायचं काय त्यात. फाटा आला, मी उतरले, आणि माझ्यामागं मॅडमसुद्धा. बस निघून गेली. इंदापूरची पुढची बस कधी येईल त्याचा अंदाज त्यांनी केला होता की नाही कुणास ठाऊक.

दुकानात अण्णा वार्निशनं भरलेल्या हातांनी मोटारीत तार बसवत होते. मॅडम एका उपड्या क्रेटवर बसल्या. पाणी दिलं, ते प्यायल्या. मग विचारलं, "मेस्त्री, मोटार भरून झाली की काय करता?"

"चालवून बघतो."

"हितंच?"

"हितं बिगरलोडची. नुसती फिरती का बघाय. मग ईरीवर न्यायची, पान्यात सोडायची, लोड द्यायचा आन् ॲम्पियर बघायचं. तवा खरं कळतं."

"आणि हितल्या हितं फिरवून गिऱ्हाइकाला दिली तर?"

अण्णा हसले. "चार दिसांत जळून माघारी. वर शिव्या."

"मग पोरगी बिगरलोडची का चालवून बघताय?"

अण्णांचा हात थांबला.

"कथा बंद करून पास झाली, तर काय कळणार तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या. "बिगरलोडची फिरती, एवढंच. तिला दोन्ही वढायचंय, जन्मभर. ते जमतंय का न्हाय हे बघायचं तर दोन्ही चालू ठेवून बघा की. हिवाळ्यापर्यंत."

अण्णांनी तार खाली ठेवली. चिंधीला हात पुसले. मग जे विचारलं ते मला आजही आठवतं, कारण त्यात राग नव्हता, भीती होती. "आन् जळली तर?"

"जळली तर मी हाय की भरून द्यायला," मॅडम म्हणाल्या.

आता एवढ्यावर उठाव्यात की नाही? छे. "मेस्त्री, तुमचा अंदाज सांगा. पास का नापास?"

"सोडा वो मॅडम."

"न्हाय, सांगा. आधी अंदाज."

आमच्या दुकानाच्या भिंतीवर अण्णा खडूनं तारेच्या जाडीचे नंबर आणि गिऱ्हाइकांची नावं लिहून ठेवतात. मॅडमनी तोच खडू त्यांच्या हातात दिला. अण्णांनी माझ्याकडं न बघता भिंतीवर लिहिलं, 'नापास'. खाली मॅडमनी लिहिलं, 'पास'. मी हात पुढं केला तर खडू दिला नाही. "जी वस्तू मोजायची तिलाच कुणी अंदाज विचारतं का?"

बापाच्या हातचं 'नापास' रोज येताजाता बघणं सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तर मी मागच्या दारानं जायचे. आईला बघवेना, तिनं एकदा पदराचं टोक ओलं करून ते पुसायला घेतलं. अण्णाच ओरडले, "अगं, खोडू नगंस! मॅडमनी सांगितलंय, खोडायचं न्हाय." आई मला आत येऊन म्हणाली, "तुझ्या मॅडमनी ह्या मानसाला बी कामाला लावलं."

मग ते महिने सुरू झाले. मॅडमनी नियम घालून दिला होता, जाताना फिजिक्स, येताना कथा. सकाळी शेळगावपासून बारामतीपर्यंत त्या मला एक प्रमेय विचारायच्या आणि मी ते बोलून दाखवायचे, गोष्ट सांगितल्यासारखं. गरम भांड्यातून उष्णता निघाली. पिस्टन ढकलला. दमली. उरलेली थंड भांड्याच्या दारात टाकून आली. पहिल्यांदा लाज वाटायची, कारण मागच्या सीटवरच्या बायका ऐकायच्या. एक मावशी रोज दुधाची किटली घेऊन लासुर्ण्याला उतरायच्या. एक दिवस उतरता उतरता त्या म्हणाल्या, "आन् समदी उष्नता कामाला लागली तर? उरलीच न्हाय तर?" मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की बस्स. तोच प्रश्न आमच्या पुस्तकातला थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम होता. मी तो पाठ केला होता, पण प्रश्न म्हणून तो मला कधी पडला नव्हता. किटली घेऊन मावशी रस्त्यावर उभ्या राहिल्या, आणि उत्तर ऐकल्याशिवाय हलेनात. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "तसं होतच नाही मावशी! थोडी टाकावीच लागते!" त्या म्हणाल्या, "मग बरोबर हाय," आणि चालायला लागल्या.

मध्ये एक दिवस मीच कच खाल्ली. सराव परीक्षेत मार्क पडले नव्हते, डोळ्यांची आग होत होती, कथा तीन पानांवर अडून बसली होती. सकाळी बसमध्ये मी म्हटलं, "मॅडम, महिनाभर कथा नको. मीच बंद करते." त्या उठल्या आणि मागं जाऊन बसल्या. बारामतीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. बापानं बंद केलं तेव्हा निदान भांडायला कुणीतरी होतं, आता मीच बंद करत होते. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये त्या शेजारी आल्या. "रडायचं असंल तर साखर कारखान्यापर्यंत रडून घे. तिथनं पुढं कथा."

मी त्यांना त्या दिवशी विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी लिहिलंय का हो? कविता वगैरे?" माझी खात्री होती, ह्यांच्या ट्रंकेत काहीतरी असणार. त्या खदखदून हसल्या. "मी? मला भाच्याच्या वाढदिवसाला दोन ओळी सुचत न्हाईत. तुला काय वाटलं, माझं राहिलं म्हणून तुझ्याकडनं करून घेतीया? असला शेवट लिहू नकोस कुठं. मला नुसतं बघायचंय, हे जमतंय का."

जी कथा अडली होती ती एका बाईची होती. नवरा परगावी, मोटार जळालेली, ऊस वाळायला लागलेला, आणि ती मोटार स्वतः विहिरीतून ओढून काढून दुकानात घेऊन येते. ती मी पुरी केली आणि इंदापूरच्या एका वाचनालयाच्या कथावाचनाला पाठवली. तालुक्यातल्या नव्या लोकांच्या कथा निवडून ते दरवर्षी जाहीर वाचन घेतात. माझी निवडली गेली. आनंदानं नाचायच्या आधी मी तारीख बघितली. त्याच दिवशी दुपारी बारामतीत माझा थर्मोडायनॅमिक्सचा पेपर.

मॅडमनी वाचनालयात जाऊन तिथल्या लोकांना गळ घातली. ते म्हणाले, शेवटचं वाचन त्यांचं ठेवू, पण सभागृह आम्हाला वेळेत सोडावं लागतं, त्याआधी आल्या नाहीत तर कार्यक्रम संपवावा लागेल. मॅडमनी बोटांवर हिशेब केला आणि तोंड वाकडं केलं. "एसटीनं पोचत न्हाईस."

"शेवटचा अर्धा तास सोडून उठले तर?" मी विचारलं.

"पेपर अर्धा देणार आणि कथा पुरी वाचणार? मग मेस्त्रीनं भिंतीवर लिहिलेलं काय चुकीचं हाय?"

"मग वाचन सोडू?"

"ते तरी मी म्हणाले का?" त्या चिडल्या. त्यांच्याकडंही उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की त्या चिडायच्या. घरी मी वाचनाचं काहीच बोलले नाही. अण्णांना त्यात पुन्हा कथांचाच दोष दिसला असता.

पेपर मी शेवटच्या घंटेपर्यंत लिहिला. इंजिनावरचा मोठा प्रश्न आला होता. मी तो म्हातारीसारखा लिहिला, घरातून निघण्यापासून उरलेलं टाकून येण्यापर्यंत, आणि मला लिहिताना ती उष्णता खरंच दिसत होती. बरोबर की चूक, देव जाणे. बाहेर आले तर फाटकाशी मॅडम उभ्या, आणि त्यांच्या शेजारी आमची पिकअप. मागं दोराला बांधलेली एक मोटार. स्टेअरिंगवर अण्णा.

"इंदापूरला मोटार द्यायचीय," अण्णा समोर बघत म्हणाले. "म्हनलं जाता जाता तुमाला बी सोडावं."

शेळगावहून इंदापूरला निघालेला माणूस बारामतीवरून जातो, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मॅडमकडं बघितलं तर त्या टोपी सारखी करत होत्या. त्यांनी फोन केला होता की अण्णांना दुसरीकडून कळलं होतं, ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही.

कारखान्याच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्या आडव्या लागल्या होत्या. मॅडमच्यानं राहवलं नाही. "मेस्त्री, अंदाज सांगा, पोचू का?"

"मॅडम, आता जरा गप बसा. गाडी चालवू द्या," अण्णा म्हणाले. मॅडमना गप्प बसवणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. त्या खरोखर गप्प बसल्या.

ट्रॉल्या मागं पडल्यावर अण्णांनी विचारलं, "काय इचारलं हुतं?" मी सांगितलं. इंजिनाला कितीही चांगलं केलं तरी सगळी उष्णता कामाला लागत नाही, का लागत नाही, ते. अण्णांनी मान हलवली. "मोटारीचं बी तसंच हाय. थोडी गरम व्हनारच ती. गरम झाली म्हंजे जळली, असं न्हाय." शेळगावचा फाटा आला, आमचं दुकान मागं गेलं. गाडी थांबली नाही.

सभागृहात शिरलो तेव्हा आधीचं वाचन संपून लोक चुळबुळायला लागले होते. मी थेट पुढं गेले. पेपरातल्या शाईचे डाग बोटांवर तसेच होते. सूत्रसंचालकांनी माईक हातात घेतला. "आपल्या तालुक्यातल्या शेळगावची ही उमलती कथालेखिका, या मातीतली लेक—"

"आन् फिजिक्स?"

आवाज शेवटच्या रांगेतून आला. सगळ्या माना वळल्या. अण्णा उभे होते. हातावर वार्निश, अंगात दुकानातलाच शर्ट.

"शिकती काय ते बी सांगा की," ते म्हणाले. अनोळखी माणसांत अण्णा कधी बोलत नाहीत. "फिजिक्स. बी.एस्सी. आत्ता पेपर दिऊन आलीया. दोन्ही करती ती. दोन्ही म्हना."

सूत्रसंचालक गोंधळले. मॅडमनी खालून अण्णांची बाही ओढली. त्या हळू बोलल्या, पण त्यांचं हळू बोलणं सभागृहभर ऐकू जायचं. "मेस्त्री, निकाल लागायचाय अजून."

"लागू द्या," अण्णा म्हणाले. "कसा बी लागू द्या. आता ती कायबी बंद करनार न्हाय."

मॅडमनी त्यांची बाही सोडली. टोपी काढून मांडीवर ठेवली. "बसा मग," त्या म्हणाल्या. "पोरीला वाचू द्या."

अण्णा बसले. सूत्रसंचालकांनी माझी ओळख पहिल्यापासून पुन्हा करून दिली, फिजिक्ससकट. मग मी वाचायला लागले.